हिशोब दिवाळीला, संकल्प आगोटीला

महाडच्या बाजारपेठेत नवं वर्ष चार वेळा येतं. १ जानेवारीला भिंतीवरची दिनदर्शिका बदलते, चैत्रात पाडव्याची गुढी उभी राहते, १ एप्रिलला करसल्लागाराकडे नव्या वर्षाची फाइल उघडते आणि आश्विन अमावास्येच्या संध्याकाळी लक्ष्मीपूजनात नव्या वह्यांवर कुंकवाचं स्वस्तिक उमटतं. यातला कुठलाही दिवस ‘यंदा हे करायचं’ असं ठरवायला चांगलाच. पण सगळे सारख्याच उपयोगाचे नाहीत. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत मागच्या चुका तपासायच्या असतील आणि पुढच्या वर्षाचं काही ठरवायचं असेल, तर ते पावसाकडे बघून ठरवावं लागतं. चुकांचा हिशोब पाऊस सरल्यावर, आठवण ताजी असताना, म्हणजे दिवाळीच्या वहीपूजनाला व्हावा. आणि पुढचे संकल्प पाऊस तोंडावर येण्याआधी, शिमगा आणि पाडव्याच्या पंधरवड्यात, तारखेसह लिहिले जावेत. घरासाठी आणि दुकानासाठी, दोन्हींसाठी. १ जानेवारी या दोन्ही कामांना अडनिडा आहे. तोवर पुराची आठवण बोथट झालेली असते आणि पुढचा पाऊस अजून पाच महिने लांब असतो.

असं म्हणण्याचं कारण सावित्रीच्या या खोऱ्याच्या गेल्या वीसेक वर्षांत आहे. २५ आणि २६ जुलै २००५ला महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहून गेला आणि दोन एसटी गाड्यांसह इतर वाहनं नदीत गेली. २२ जुलै २०२१ला महाड शहर पाण्याखाली गेलं, तळिये गावात दरडीने ऐंशीहून अधिक माणसं नेली आणि त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात साखर-सुतारवाडी आणि केवनाळे इथेही डोंगर खाली आला. वर्षं वेगळी, पण दिनदर्शिकेवर या साऱ्या तारखा २२ जुलै ते २ ऑगस्ट या बारा दिवसांच्या पट्ट्यात बसतात. हा योगायोग कमी आणि भूगोल जास्त आहे. सावित्री महाबळेश्वरच्या माथ्यावर उगम पावते, पोलादपूरच्या अरुंद दरीतून वेगाने उतरते, महाडला गांधारी तिला मिळते आणि पुढे बाणकोटच्या खाडीवाटे ती समुद्राला जाते. जुलैअखेरपर्यंत डोंगर पाणी पिऊन पुरता जड झालेला असतो, भातखाचरं भरलेली असतात, नद्या तुडुंब असतात. अशात घाटमाथ्यावर एकाच रात्री मोठा पाऊस झाला आणि त्या वेळी खाडीला भरती असली, तर पाण्याला जायला जागाच उरत नाही. २२ जुलै २०२१च्या सकाळपासून चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला होता. संकट येण्याचा पंधरवडा जिथे इतका ओळखीचा आहे, तिथे वर्षाचं नियोजन त्या पंधरवड्याकडे पाठ करून करणं ही पहिली चूक म्हटली पाहिजे.

यावर लगेच येणारा आक्षेप असा, की ५९४ मिलिमीटर पाऊस ही दुकानदाराची चूक कशी? मुळीच नाही, आणि तसं कुणी सुचवत असेल तर ते अन्यायाचं आहे. नदीतला गाळ, भराव, पूररेषेतली बांधकामं, वेळेवर न पोहोचलेला इशारा, ही उत्तरं प्रशासनाने द्यायची आहेत. महाडकरांनी गाळ काढण्याची मागणी लावून धरली ती म्हणूनच योग्य होती. पण दुकानाच्या वहीत वर्षाच्या शेवटी ‘पुरामुळे नुकसान’ अशी एकच ओळ पडते, तेव्हा त्या ओळीत तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र होतात: निसर्गाचा भाग, सरकारचा भाग आणि आपला भाग. पाऊस निसर्गाचा, गाळ सरकारचा. पण मालाची खोकी जमिनीवर होती की फळीवर, उधारीची वही कुठल्या कपाटात होती, विम्याचा कागद त्याच दुकानात भिजला का, पाणी वाढतंय हे कळल्यावर आधी काय उचलायचं हे कुणाला ठाऊक होतं का, हे आपल्या हातातले प्रश्न होते. पहिल्या दोन भागांबद्दल संताप जरूर असावा, पण तो तिसऱ्या भागावरचं पांघरूण होऊ नये. ज्याचं दुकान त्या वर्षी वाचलं त्यानेही हा प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे, हे मला विशेष महत्त्वाचं वाटतं. ज्याने माल जमिनीवरच ठेवला होता आणि पाणी दोन आळ्या अलीकडे थांबलं म्हणून जो सुटला, त्याच्या ताळेबंदात नुकसान दिसत नाही. चूक मात्र तितकीच आहे. निकाल चांगला लागला म्हणून निर्णय बरोबर होता असं मानणं, हा हिशोबातला सर्वांत महाग दोष.

हा हिशोब दिवाळीलाच का, याचं उत्तर माणसाच्या विसराळूपणात आहे. अमेरिकेत पुराचा विमा घेणाऱ्यांच्या लाखो पॉलिसींचा अभ्यास करून २०१२मध्ये काही अर्थतज्ज्ञांनी दाखवून दिलं, की लोक असा विमा साधारण दोन ते चार वर्षंच चालू ठेवतात. पूर न येता दोन पावसाळे गेले की हप्ता वायफळ वाटू लागतो. घर तिथेच असतं, नदी तिथेच असते, फक्त आठवण पातळ होते. महाड याला अपवाद असण्याचं कारण नाही. म्हणून पाऊस संपल्यानंतरच्या पहिल्याच मोठ्या सणाला, वह्या तशाही उघडलेल्या असताना, पावसाळ्यात काय चुकलं ते लिहून ठेवावं. २०२१ची दिवाळी पुरानंतर साडेतीन महिन्यांतच आली होती; त्या दिवाळीत महाडच्या ज्या कुटुंबाने भिंतीवरची चिखलाची रेघ किती उंचीवर होती एवढं जरी वहीत नोंदवलं असेल, त्याच्याकडे आज सरकारी नकाशाइतकाच मोलाचा आकडा आहे. रंग दिला की ती रेघ जाते.

इथे एक भावनिक हरकत आहे आणि ती टाळून चालणार नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी चुका उगाळणं अशुभ, सणाला पुढचं मंगल बोलावं, असं घरातली वडीलधारी मंडळी म्हणतील. त्यांचा हेतू रास्त आहे. आपण गमावलेल्या माणसांची नावं पुन्हा पुन्हा काढून घराला दुःखात बुडवू नये, असं त्यांना वाटतं. पण वहीपूजनाचा मूळ व्यवहार बघितला तर जमा आणि नावे या दोन्ही बाजू तिथे मांडल्या जातात. बुडीत उधारी वेगळी काढल्याशिवाय शिल्लक खरी निघत नाही, हे प्रत्येक व्यापारी जाणतो. चुकांची नोंद ही बुडीत उधारीची यादी आहे आणि ती लिहिणं म्हणजे कुणाला दोष देणं नव्हे. ‘अमक्याने शटर उशिरा उघडलं’ असं लिहिण्याऐवजी ‘चावी एकाच माणसाकडे होती’ असं लिहिलं, तर भाऊ भावाशी भांडत नाही आणि दुसरी चावी करून घेता येते. २०२३च्या दिवाळीला नऊ दिवस उरले असताना, ३ नोव्हेंबरला, महाड औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधनिर्मिती कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि ११ कामगार गेले. अशा घटनांचा पावसाशी संबंध नाही, हे मान्य. तिथला हिशोब कारखान्याच्या मालकाने आणि तपासणी यंत्रणेने मांडायचा असतो, कामगाराच्या बायकोने नव्हे. पण तिथेही पद्धत तीच लागते: कोण, यापेक्षा काय आणि कुठे.

तपासणी केली म्हणजे काम झालं असंही नाही, हा धडा सावित्रीच्या पुलाने दिला आहे. तो पूल १९२८ सालचा. पावसाळ्यापूर्वी, मे २०१६मध्ये, त्याची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीला योग्य ठरला होता. तीन महिन्यांच्या आत तो गेला. तारीख पाळली गेली होती, पण विचारायचा प्रश्न निसटला होता. पूल आज उभा आहे का, हा एक प्रश्न. आणि नदीला विलक्षण पूर आला तर तो पडू शकेल तो कुठून, हा दुसरा. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी २००७मध्ये उद्योगांसाठी एक साधी पद्धत मांडली होती. काम सुरू करण्याआधी सगळ्यांनी असं समजायचं की वर्ष उलटलंय आणि बेत सपशेल फसलाय. मग प्रत्येकाने तो का फसला याची कारणं लिहायची. ‘काही अडचण येईल का?’ असं विचारलं की माणसं मान डोलावून ‘नाही’ म्हणतात. ‘बुडालोच आहोत, कशामुळे बुडालो ते सांगा’ म्हटलं की गप्प बसणाराही बोलू लागतो. महाडच्या एखाद्या किराणा दुकानात किंवा पोलादपूरच्या एखाद्या डोंगराखालच्या घरात पाडव्याला विचारायचा प्रश्न हाच असावा: समजा, आज जुलैची पंचवीस तारीख आहे आणि आपलं सगळं गेलंय; काय करायचं राहून गेलं होतं?

त्याच पुलाच्या गोष्टीला पुढचा भागही आहे, आणि तो या लेखाच्या बाजूने बोलतो. नवा पूल १८० दिवसांत बांधण्याचं सरकारने जाहीर केलं आणि तो १६५ दिवसांत उभा राहून ५ जून २०१७ला, पाऊस दाराशी आलेला असताना, खुला झाला. या देशात रस्त्यांची कामं किती रखडतात हे याच महामार्गावरच्या प्रवाशांना कुणी सांगायला नको. मग हे एक काम वेळेत का झालं? पैसा होता, राजकीय इच्छा होती, हे खरंच. पण मुदत पावसाने घातलेली होती, आणि पाऊस मुदतवाढ देत नाही. ‘लवकरात लवकर’ आणि ‘मृगाआधी’ यांतला फरक त्या पुलावरून गाडी नेणाऱ्या प्रत्येकाला दिसला.

घरांमध्ये ही मुदत पाळण्याची रीत कोकणात पूर्वीपासून आहेच. तिला आगोट म्हणतात. चैत्र-वैशाखात लाकूडफाटा पडवीत चढवायचा, घर शाकारायचं, कौलं परतायची, सुकी मासळी, मसाला, पापड-कुरडया भरून ठेवायच्या, शेतात राब भाजायचा. हे सगळं ७ जूनच्या आत. कुणी बाई ‘यंदा सरपणाबद्दल अधिक जागरूक राहीन’ असा संकल्प करत नाही. ती अमुक इतक्या मोळ्या अमुक कोपऱ्यात रचून मोकळी होते. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९मध्ये मांडलेलं सूत्र नेमकं याच वळणाचं आहे: नुसतं ‘हे साध्य करीन’ म्हणण्यापेक्षा ‘अमुक वेळ आली की अमुक ठिकाणी अमुक करीन’ असं ठरवणारी माणसं ठरवलेलं कितीतरी जास्त वेळा पार पाडतात. नव्या सुरुवातीच्या दिवसांना एक जोर असतो, लोक वर्षारंभी, वाढदिवसाला, अगदी सोमवारी नव्या कामाला अधिक सहज लागतात, हेही २०१४च्या एका अमेरिकी अभ्यासाने दाखवलं आहे. तो जोर काही आठवड्यांत ओसरतो. १ जानेवारीला चढलेला जोर फेब्रुवारीत संपतो. पाडव्याला चढलेला जोर थेट आगोटीच्या कामांत जिरतो. पाडवा या खोऱ्यासाठी योग्य आहे तो म्हणूनच. ‘व्यवसाय वाढवायचा’ हे उद्दिष्ट झालंच नाही. ‘गणपतीचा माल दोन हप्त्यांत मागवायचा, पहिला जूनमध्ये थोडा आणि दुसरा ५ ऑगस्टनंतर’ हे उद्दिष्ट आहे. गणपतीच्या हंगामासाठी दुकानं भरण्याची घाई नेमकी जुलैच्या शेवटी, त्या बारा दिवसांत होऊ नये, इतकं एक ठरवलं तरी पेठेतला धोक्यातला माल कमी होतो.

छोट्या व्यापाऱ्याचा पुढचा आक्षेप पैशाचा असतो, आणि तो खरा आहे. उंच फळ्या, वरचा माळा, दुसरं गोदाम, सगळ्याला भांडवल लागतं. पण काही गोष्टींचा खर्च नुकसानीच्या मानाने फार थोडा असतो, आणि विमा त्यांत पहिला. २०२१च्या पुरानंतर सरकारने दुकानदारांना जी मदत जाहीर केली तिला ५० हजार रुपयांची मर्यादा होती. चांगल्या चाललेल्या दुकानातला एका कपाटातला मालही तेवढ्याचा असतो. १ एप्रिल २०२१पासून विमा नियामकाने पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आणि राहत्या घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ अशा ठरावीक साच्याच्या पॉलिसी आणल्या. दोन्हींत आगीबरोबर पूर आणि दरडही येतात. इथे बघायची गोष्ट रकमेची. मालाची किंमत दहा लाख आणि विमा चार लाखांचा असेल, तर भरपाईलाही त्याच प्रमाणात कात्री लागू शकते. सूक्ष्म उद्यमांच्या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतचा फरक सोडून दिला जातो, त्याहून जास्त नाही. बँकेचं कर्ज असेल तर बँकेने काढलेला विमा कुठल्या पत्त्यावर, किती रकमेचा आणि कशाकशाचा आहे हे एकदा स्वतः वाचावं. गोदाम बदललं आणि पत्ता जुनाच राहिला तर कागद हातात असून उपयोग नाही. आणि तो कागद, दुकानाचा परवाना, मुलांचे दाखले, शिधापत्रिका यांची प्रत फोनमध्ये डिजिलॉकरला किंवा मुंबईतल्या नातेवाइकाकडे असावी. यातली बरीचशी कामं जवळजवळ फुकट आहेत. ती राहून जातात कारण ती कधी करायची याला तारीख नसते.

ठराव कागदावर राहणं म्हणजे काय, हे महाडहून जास्त कुठल्या गावाने पाहिलं असेल? ४ ऑगस्ट १९२३ला सीताराम केशव बोले यांच्या पुढाकाराने मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव झाला. १९२४मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. दोन ठराव हातात असून तळ्याचं पाणी तीन वर्षं तसंच राहिलं. २० मार्च १९२७ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागून महाडला भरलेल्या परिषदेचे लोक चालत तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा कागदाला अर्थ आला. आदल्या दिवशीच्या भाषणात त्यांनी मेलेल्या जनावरांचं मांस सोडा, उष्टं मागणं सोडा, शेतीकडे वळा असंही सांगितलं होतं. म्हणजे हक्काचं सार्वजनिक उद्दिष्ट आणि घरातलं वैयक्तिक उद्दिष्ट एकाच मांडवात ठेवलं गेलं. त्यानंतर प्रतिनिधींवर हल्ले झाले, ४ ऑगस्ट १९२७ला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, डिसेंबरच्या दुसऱ्या परिषदेआधी विरोधकांनी न्यायालयातून मनाई हुकूम आणला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं, पण तळ्यावर पुन्हा जाण्याचा कार्यक्रम मात्र स्थगित ठेवून लढा न्यायालयात नेण्याचं ठरलं, जमलेल्यांपैकी अनेकांची इच्छा वेगळी असतानाही. १७ मार्च १९३७ला उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. व्यापाराच्या किंवा घरखर्चाच्या संकल्पांची त्या लढ्याशी बरोबरी होऊ शकत नाही आणि करूही नये. पण परिस्थिती पालटल्यावर उद्दिष्ट न सोडता मार्ग बदलायचा, आणि दहा वर्षं त्याचा पाठपुरावा करायचा, याचं इतकं स्वच्छ उदाहरण गावात असताना ते दुसरीकडे शोधायची गरज नाही.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांत तोच सर्वांत अवघड आहे: ठरवणारा माणूस गावात नसतो. घरातला कर्ता मुंबईला, गावाला म्हातारे आईवडील. दुरुस्तीचे पैसे आणि निर्णय दोन्ही मुंबईत. जुलैत फोनवरून ‘आई, वरच्या अंगाला भेग पडलीय का बघ’ असं विचारण्यात फार उशीर झालेला असतो. म्हणूनच शिमगा महत्त्वाचा. त्या दिवसांत चाकरमानी गावी असतात, पालखी घरोघर येते, गावकी बसते, मुंबईच्या मंडळाचे लोकही हजर असतात. घरामागच्या डोंगराला गेल्या पावसात भेग गेली होती का, झाडं कलली होती का, नव्या जागी झरा फुटला होता का, विहिरीचं पाणी अचानक गढूळ झालं होतं का, हे प्रत्यक्ष चालत जाऊन बघायला तेव्हा हातही असतात आणि उजेडही. म्हाताऱ्यांनी कुठल्या इशाऱ्यानंतर कुणाच्या घरी जायचं, त्यांना कोण नेणार, रात्रीची वेळ असेल तर काय, हे तिथेच नावानिशी ठरू शकतं. शाळेची खोली उघडायची किल्ली कुणाकडे, हेसुद्धा. जे घरच्या आवाक्याबाहेरचं आहे, म्हणजे डोंगराची तज्ज्ञांकडून पाहणी, पाणी वळवणारा चर, धोक्यातल्या घरांचं स्थलांतर, त्यासाठी १ मेची ग्रामसभा आहे, आणि वर्षातल्या नेहमीच्या ग्रामसभांत पावसाआधीची तीच शेवटची. विषय तिच्या विषयपत्रिकेवर यायचा असेल तर लेखी अर्ज एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या हातात पडायला हवा, आणि त्यावर मुंबईत राहणाऱ्यांनी गावातून निघण्यापूर्वी सह्या करून ठेवायला हव्यात.